दीपमालाची फूटपट्टी

दीपमाला बनकर कॉम्प्युटरच्या पडद्याला फूटपट्टी लावते, ही गोष्ट क्रांती चौकाच्या आसपासच्या सगळ्या टायपिंगवाल्यांना ठाऊक होती. कुणी हसायचं, कुणी मुद्दाम बघायला यायचं. फूटपट्टीही साधीसुधी नव्हे, लाकडी, कडेला पितळी पट्टी ठोकलेली, शाळेत तळहातावर बसायची तसली. रकाना टाइप करून झाला की दीपमाला खुर्चीतून अर्धी उठायची, एक डोळा मिटायची, पट्टी पडद्यावर उभी धरायची आणि एखादं अक्षर पट्टीबाहेर डोकावत असलं की त्याला दम द्यायची.

"आत हो. आत हो म्हणते ना!"

मग अंगठ्यानं एक स्पेस. टप्प. अक्षर ओळीत.

ही सवय तिला टायपरायटरनं लावली. लग्नाआधी देवगाव रंगारीहून एसटीनं ती औरंगपुऱ्यात टायपिंग शिकायला यायची, मांडीवर डब्याची पिशवी आणि त्या पिशवीवरच बोटांचा सराव. टायपरायटरचा न्याय सरळ होता. 'क्ष' असो नाहीतर 'र', प्रत्येकाला जागा सारखी. मोजून स्पेस मारल्या की खालचा शब्द वरच्या शब्दाच्या बरोबर पायाशी येऊन उभा राहायचा. कॉम्प्युटर आला आणि हा न्याय मोडला. इथं 'र' अंग चोरून बसतो आणि 'क्ष' फतकल मारून. कितीही मोजा, रकाना सरळ येईना. दुसरी कुणी असती तर शब्दाला एका दाबात ठरल्या जागी नेणारं टॅबचं बटण वापरायला शिकली असती. दीपमालानं फूटपट्टी आणली.

शहराचं नाव बदललं तेव्हा तर तिची परीक्षाच झाली. 'औरंगाबाद' काढून 'छत्रपती संभाजीनगर' घातलं, आणि दुकानातल्या प्रत्येक यादीत गावाच्या पुढचे रकाने एकमेकांना ढकलत सुटले. पिनकोड फोन नंबरावर चढला, फोन नंबर खालच्या ओळीत जाऊन पडला. 'नफीस टायपिंग अँड बाइंडिंग'चे मालक कमरोद्दीनभाई कपाळाला हात लावून बसले. दीपमाला मात्र पदर खोचून बसली आणि तिनं एकेका ओळीला कान धरून जागेवर आणलं. "शहराचं नाव सरकारनं बदललं, पण बसवलं आमच्या बाईंनी," असं कमरोद्दीनभाई तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगायचे. सांगायला विसरले तर दीपमाला खोकायची.

दुकानातून जे पुस्तक छापायला जाई, त्याच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे. 'अक्षरजुळणी : दीपमाला बनकर'. पुस्तक कशावर आहे, कुणी लिहिलंय, याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. छापलेली प्रत हातात आली की थेट दुसरं पान, तळाची ओळ, आणि त्या ओळीखाली फूटपट्टी. कपाटात अशी पुस्तकं होती. सगळी तिची. आत काय आहे ते विचारू नका.

आणि आता जे सांगायचं ते सांगून टाकते. दीपमाला जळायची. कुणावरही जळायची. शेजारणीच्या जास्वंदीला फुलं जास्त आली तर जळायची, चहावाल्यानं दुसऱ्याचा कप काठोकाठ भरला तर जळायची. नवरा सखाराम वाळूजला कंपनीत होता. बोलायचा कमी, पण बोलला की बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवायचा.

"तुझ्या बापानं नावच दीपमाला ठेवलंय," तो म्हणायचा. "जळायचं नाय तर मग करायचं काय?"

खुशनुमा दुकानात आली आणि या दीपमालेला तेल मिळालं.

त्याचं झालं असं. देवगाव रंगारीचे कारभारी गुरुजी, निवृत्त शिक्षक, गावातल्या हिंदू घरांत आणि मुसलमान घरांत एकाच गोष्टीला कोणकोणते शब्द आहेत ते वर्षानुवर्षं गोळा करत होते. त्याचं पुस्तक व्हायचं होतं. नाव, 'दोन घरची बोली'. पानापानावर तीन रकाने: गावचा शब्द, दखनी शब्द आणि अर्थ. ते सगळं दीपमालानंच टाइप केलं, कारण गुरुजी तिच्या माहेरचे. पण गुरुजींना पुस्तकाचं पहिलं आणि दुसरं पान उर्दू लिपीतही हवं होतं. दीपमालाला उर्दू येईना. म्हणून कमरोद्दीनभाईंनी फर्दापूरची एक मुलगी कामावर घेतली. तिच्या वडिलांचं लेण्यांकडं येणाऱ्या पर्यटकांसाठी शोभेच्या दगडांचं दुकान होतं, आणि ती इथं मावशीकडं राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा शिकली होती.

पहिल्या दिवशी ती आली, ओढणी सावरली आणि म्हणाली, "सलाम, ताई. मी खुशनुमा."

"इथं मला सगळे मॅडम म्हणतात," दीपमाला म्हणाली.

"हौ, मॅडमताई."

कमरोद्दीनभाई आत हसले. ते हसलेले दीपमालाला ऐकू आले. झालं. त्या दिवसापासून ती मॅडमताई.

खुशनुमाच्या टेबलावरून आवाज यायचा नाही, ही सगळ्यात वाईट गोष्ट होती. दीपमाला काम करायला लागली की टप्प टप्प टप्प, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं की आत काम चाललंय. ती पोरगी मात्र कुठंतरी एकदा बोट टेकवायची आणि अख्खा रकाना झटक्यात सरळ. एकदा कॉलेजचा एक विद्यार्थी आला. त्याच्या तक्त्यातले दशांशाचे आकडे इकडं तिकडं पांगले होते. दीपमालानं पट्टी उचलेपर्यंत खुशनुमानं त्यांना रांगेत बसवलं, पॉइंटखाली पॉइंट, पॉइंटखाली पॉइंट.

"माशाल्ला!" कमरोद्दीनभाई म्हणाले.

"माझंही सरळच येतं," दीपमाला म्हणाली.

"येतं ना, बाई. सकाळी सांगितलं की संध्याकाळी येतं."

गंमत होती ती. दीपमालाही हसली. पण घरी जाताना रिक्षात तिनं ते वाक्य इतक्या वेळा उगाळलं की उतरायचा थांबा मागं गेला.

मग एके दिवशी फूटपट्टी सापडेना. दीपमालानं ड्रॉवर काढला, चटई उचलली, कचऱ्याची टोपली उलटी केली. दिवसभर ती नुसत्या डोळ्यांनी काम करत होती आणि प्रत्येक अक्षर वाकडं दिसत होतं. संध्याकाळी पट्टी प्रिंटरच्या मागं सापडली. "पडली असेल, ताई," खुशनुमा मान वर न करता म्हणाली.

अशात एका सकाळी कारभारी गुरुजी दारात उभे राहिले. हातात छापखान्यातून आलेली कच्ची पानं, आणि चेहरा पानांपेक्षा कच्चा.

"दीपे, हे काय झालं गं? दात पडलेल्या तोंडावाणी दिसायलंय."

दीपमालानं पानं घेतली. तिनं रांगेत उभे केलेले शब्द दारूच्या दुकानातून सुटल्यासारखे पानभर झोकांड्या खात होते. अर्थ खालच्या ओळीत उतरले होते. 'खुळखुळा'च्या समोर 'मोठा सरकारी अंमलदार' येऊन बसला होता.

"ह्ये वाचून तालुक्याचे साहेब माझ्या प्रकाशनाच्या कार्यक्रमाला येतेत व्हय?" गुरुजी म्हणाले.

कमरोद्दीनभाईंनी चष्मा चढवून बघितलं. "प्रेसवाल्यानं फॉन्ट बदललाय. नव्या फॉन्टातली स्पेस बारीक. बाईंच्या सगळ्या स्पेस आखडल्या. खुशनुमा, बेटा, तू बघ जरा."

"मी करते," दीपमाला उठली. "माझं काम आहे ते."

"परत पट्टी लावून? बाई, कार्यक्रम तोंडावर आलाय."

खुशनुमानं फाइल उघडली. वरच्या कोपऱ्यात उलट्या 'पी'सारखं एक चिन्ह असतं, त्यावर बोट टेकवलं. पडद्यावर पांढऱ्या जागेत बारीक ठिपके उमटले. शब्दांमधल्या मोकळ्या जागांत ठिपकेच ठिपके, कुणीतरी पानभर खसखस सांडल्यासारखे. मारलेली प्रत्येक स्पेस म्हणजे एक ठिपका.

"ये सब क्या है, ताई?"

दीपमालाला वाटलं, आपण शिवलेला ब्लाउज कुणीतरी गुलमंडीच्या भर बाजारात उलटा करून धरलाय आणि आतली शिवण लोकांना दाखवतंय.

"स्पेस आहेत," ती म्हणाली.

"इत्त्या? मॅडमताई, तुमच्या अंगठ्याला मेडल द्यायला पायजे!"

पोरगी मनापासून म्हणाली होती. गुरुजीही कौतुकानंच हसले. दीपमालाला मात्र दोघांचं हसणं टाचणीसारखं लागलं. त्यात खुशनुमा पान खाली सरकवता सरकवता थांबली.

"ताई, हे 'जळकुकडी' म्हंजे काय?"

दीपमाला फूटपट्टीवरची धूळ पुसायला लागली.

"दुसरीचं चांगलं झालेलं बघवत नाय, अशी बाई," गुरुजींनी सांगितलं.

"अच्छा, जलनखोर!" खुशनुमाला शब्द आवडला. "जळकुकडी. जळकुकडी. मस्त है."

दीपमालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या मुलीच्या तोंडात तो शब्द गुळासारखा घोळत होता, आणि घोळता घोळता तिनं मशीनला हुकूम दिला, की जिथं एकापाठोपाठ एक अशा जास्त स्पेस दिसतील, तिथं त्या सगळ्या काढ आणि एक टॅब ठेव. ठिपके गेले. दीपमालाच्या अंगठ्याचे इतक्या दिवसांचे कष्ट चहा निवायच्या आत पुसले गेले. मग त्या टॅबांवरून खुशनुमानं नीट चौकटी पाडल्या, प्रत्येक शब्दाला आपापलं घर. आता फॉन्ट बदला नाहीतर कागद, घराबाहेर कुणी पडणार नव्हतं.

"पोरी, तू तर रांगोळी काढलीस," गुरुजी म्हणाले.

'पोरी' हा शब्द ते आजवर फक्त दीपमालासाठी वापरत.

त्या संध्याकाळी सखाराम जेवायला बसला तेव्हा ताटात भाकरी जरा जोरातच पडली.

"तिनं माझ्या स्पेस पुसल्या," दीपमाला म्हणाली.

सखारामनं भाकरी मोडली. "स्पेस म्हंजे रिकामी जागाच ना? रिकामं काय पुसायचं?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाय कळत. सांग मग."

"आता पुस्तक तिनं केलं असं होणार. तळाला नाव तिचं येणार. माझ्या माहेरच्या माणसाचं पुस्तक, माझ्या गावात कार्यक्रम, माझी आई पहिल्या रांगेत बसणार, आणि दुसऱ्या पानावर कोण? फर्दापूरची खुशनुमा!"

सखारामनं कालवणाचा भुरका घेतला. "चटणी हाय का?" त्यानं विचारलं. आणि चटणी वाढताना दीपमालाच्या लक्षात आलं की आपल्याला या पोरीची निदान एक तरी चूक सापडायलाच हवी.

शुक्रवारी दुपारी संधी मिळाली. कमरोद्दीनभाई नमाजला गेले होते आणि खुशनुमा आतल्या खोलीत नमाज पढत होती. दीपमाला पट्टी घेऊन तिच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची जरा जास्तच उंच होती. तिला त्याचाही राग आला.

पहिलं पान. पट्टी उभी. सरळ. दुसरं पान. सरळ. मधलं एक पान काढून बघितलं, तेही मेलं सरळ. डोळे दुखायला लागले. शेवटच्या चौकटीत पोचल्यावर तिनं मनाचा हिय्या करून, कुणी बघत नाही ना ते बघून, आयुष्यात पहिल्यांदा टॅबचं बटण दाबलं. खाली नवी ओळ उगवली. परत दाबलं, आणखी एक. तिनं घाबरून आणखी दाबलं आणि तक्त्याला शेपूट फुटत चाललं.

"थांब गं बाई, थांब!"

केलेलं मागं घ्यायचं बटण तिला माहीत होतं. शेपूट एकदाचं आवरलं. मागं मागं जाता जाता ती एका पानावर आली आणि तिथं थबकली.

'दुसऱ्याचं बघून पोटात दुखणं जलन'

एकाच चौकटीत. शेजारच्या, दखनी शब्दाच्या चौकटीत 'मत्सर'. अर्थाची चौकट रिकामी.

दीपमालाला क्षणात उमगलं. हा गावचा शब्द कसला, अख्खं वाक्यच होतं. टाइप करताना त्याच्यापुढं एकच स्पेस मावली होती. पोरीनं मशीनला एकाहून जास्त स्पेस शोधायला सांगितल्या होत्या. इथं एकच होती, म्हणून मशीन ओलांडून पुढं गेलं. 'जलन' पहिल्या घरात घुसली आणि 'मत्सर' एक घर अलीकडं सरकला. आणि गुरुजींना ज्या शब्दांचे अर्थ मिळाले नव्हते त्यांच्या चौकटी त्यांनी मुद्दामच रिकाम्या ठेवल्या होत्या, वाचकांनी कळवावं म्हणून. त्यामुळं ही रिकामी चौकट खुशनुमाच्या डोळ्याला खटकली नव्हती.

अशा जागा आणखी होत्या. कुठं कुठं दाटी झाली होती ते डोळ्यांआधी दीपमालाच्या अंगठ्याला आठवलं. तिनं एकेक पान काढून बघितलं. होत्याच.

तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तिनं फाइल हळूच बंद केली, खुर्ची पुसली, पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि खुशनुमा बाहेर आली तेव्हा तिला स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली.

"आज लई मेहेरबान, मॅडमताई?"

"खा गं. वाळलीस."

पुढचे दिवस दीपमालाचे फार सुखात गेले. देवगावचा मांडव तिला आत्ताच दिसत होता. कुणीतरी पुस्तक उघडतंय, बोट ठेवतंय, शेजारच्याला दाखवतंय. हशा. मग दुसरं पान. अक्षरजुळणी कुणाची? खुशनुमाची. आणि पहिल्या रांगेत आई म्हणतेय, आमच्या दीपमालानं केलं असतं तर असं झालं नसतं. हा प्रसंग ती रोज नव्यानं बसवायची. कधी हशा वाढवायची, कधी आईला आणखी एक वाक्य द्यायची.

मंगळवारी गुरुजी आले. पुस्तक त्या दिवशी छापखान्यात जायचं होतं. खुशनुमानं पहिलं पान दाखवलं, वर मराठीत नाव, खाली उर्दूत. गुरुजींनी दोन्हीवरून बोट फिरवलं, एकावर डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून.

"आता दुसरं पान," कमरोद्दीनभाई म्हणाले. "अक्षरजुळणी कुणाच्या नावानं टाकायची, गुरुजी?"

दीपमाला खिडकीबाहेर बघत होती. म्हणजे, बघत असल्यासारखी बसली होती.

"ह्ये काय विचारणं झालं? दीपमालाच्या. आमच्या गावची लेक हाय. बरोबर आलं तरी तिचं, चुकलं तरी तिचं."

दीपमालाचं अंग मोहरून आलं. एकदम आठ वर्षांची पोर झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात 'चुकलं तरी तिचं' हे शब्द पोटात उतरले आणि तिथंच बसले. मांडवातला हशा तिच्याकडं वळला. बोट ठेवणाऱ्यानं दुसरं पान उघडलं होतं आणि तिथं आता तिचं नाव होतं.

"हौ, ताईंचंच टाका," खुशनुमा म्हणाली. "मी तर फक्त टॅब मारले."

ती उठली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, जे तिथं नव्हतं. ओठ दुमडलेले, मान जरा जास्तच ताठ. दीपमालानं तो चेहरा ओळखला. रोज सकाळी कुंकू लावताना ती आरशात तोच बघत होती.

"गुरुजी," दीपमाला म्हणाली, "आज प्रेसला द्यायचं नाही."

"का गं?"

ती खुशनुमाच्या टेबलाशी गेली आणि तिनं ते पान काढलं. 'दुसऱ्याचं बघून पोटात दुखणं जलन.'

खुशनुमा पर्स टाकून धावली. "हाय अल्ला! ही जलन इथं कशी घुसली?"

"माझी एकच स्पेस होती तिथं. तुझ्या मशीनला जास्त लागत होत्या."

"अजून आहेत?"

"आहेत. मला माहितीयेत कुठं कुठं."

"तुम्हाला कधी दिसलं?"

दीपमालानं पट्टी हातात घेतली, परत ठेवली. "शुक्रवारी."

"आणि आज मंगळवार."

गुरुजी बत्तीस वर्षं वर्गात उभे राहिलेले. बाकावरचं भांडण सुरू व्हायच्या आधी त्यांना ऐकू येई. "कमरोद्दीनभाई," ते म्हणाले, "खालचा चहा कसा असतो हो?" आणि दोघं जिना उतरून गेलेसुद्धा.

"माझी फजिती व्हावी म्हणून?" खुशनुमानं विचारलं.

"व्हय," दीपमाला म्हणाली. चिडली किंवा ओशाळली की तिच्या तोंडात देवगाव यायचं.

"मग आत्ता कायको बोलल्या?"

"आता माझी होणार होती म्हणून."

खुशनुमा तिच्याकडं बघत राहिली. रडेल की ओरडेल याचा अंदाज येईना. "आणि ती चटणी?" ती म्हणाली. "ती चटणी पण त्याच्यासाठीच?"

"चटणी चांगली होती."

"चांगली होती!" आता ती ओरडलीच. "तुम्ही एकदम असली जळकुकडी आहात, ताई! मला वाटलं, म्हातारं माणूस सुधारलं!"

"म्हातारं कुणाला म्हणतेस?"

"तुम्हाला! मी इथं आल्यापासून काय ऐकते माहितीये? लोक जिना चढून येतात, माझ्याकडं बघतात आणि विचारतात, मॅडम नाहीत का? मग नंतर येतो. मी समोर बसलेली असते! मशीन माझं चालू असतं! तरी नंतर येतो! तुमची पट्टी बघायला पोरं येतात, माझं काम बघायला कोण येतं? कामाचा आवाजच येत नाही माझ्या. एक दिवस तर मला इतकं झालं की…"

ती थांबली.

दीपमालाचे डोळे बारीक झाले. "प्रिंटरच्या मागं?"

खुशनुमा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"मी दिवसभर शोधत होते गं! कचऱ्याची टोपली उलटी केली मी!"

"हौ," खुशनुमा जमिनीकडं बघत म्हणाली. "बघितलं मी. मला लई बरं वाटलं."

दीपमालाला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी गुदगुल्या करत होतं. आपल्यावर कुणीतरी जळतं. आपल्यावर! डिप्लोमावाली, तरणी पोरगी, आपल्या लाकडी पट्टीवर जळते. एवढं मोठं कौतुक तिचं आजवर कुणी केलं नव्हतं, शहराच्या नावाच्या वेळीही नाही.

"सरक," ती म्हणाली आणि दुसरी खुर्ची ओढली. "सांगते तिथं टॅब मार."

त्या कामाला लागल्या. दीपमाला डोळे मिटून आठवायची, "आणखी पुढं, वाळवणाच्या शब्दांत. मोठा शब्द आहे," आणि खुशनुमा तिथं जाऊन जोडलेल्या शब्दांमध्ये फट पाडायची आणि सरकलेल्याला त्याच्या घरी पाठवायची. 'जलन' आपल्या चौकटीत गेली, 'मत्सर' शेवटच्या चौकटीत. एका ठिकाणी दीपमालालाही आठवलं नव्हतं, ते खुशनुमानं शोधलं, आणि मग ते दोनदा बोलून दाखवलं.

गुरुजी आणि कमरोद्दीनभाई चहा पिऊन वर आले तेव्हा दुसरं पान उघडं होतं आणि दोघी त्याच्या तळाकडं बघत बसल्या होत्या.

"दोन नावं टाका," गुरुजी म्हणाले.

"पहिलं कुणाचं?" दोघी एकदम म्हणाल्या.

कमरोद्दीनभाई परत जिन्याकडं वळायला लागले.

"माझं उर्दूत टाकू," खुशनुमा हळूच म्हणाली. "पान दोन्ही लिपीत आहेच."

गुरुजींनी पानाच्या तळाशी हवेत बोट फिरवलं आणि मग खुदकन हसले. "म्हंजे डावीकडून वाचत येणाऱ्याला दीपमाला आधी भेटणार आणि उजवीकडून येणाऱ्याला तू. कुणाला मागं बसायचं काम नाय."

दीपमालानं तपासून बघितलं. खरंच होतं. त्यात खोट काढता येईना, म्हणून तिनं कीबोर्ड आपल्याकडं ओढला. "ही ओळ मी करणार."

डाव्या कडेला 'अक्षरजुळणी : दीपमाला बनकर'. मग टप्प टप्प टप्प, अंगठ्याचा आवाज दुकानभर झाला. मग खुशनुमानं वाकून उजव्या कडेला आपलं नाव उर्दूत लिहिलं. दीपमाला अर्धी उठली, एक डोळा मिटला, पट्टी लावली. दोन्ही नावं दोन्ही कडांना.

"झालं," ती म्हणाली.

खुशनुमानं ते उलट्या 'पी'चं बटण दाबलं. दोन नावांच्या मध्ये खसखस सांडली.

"ताई, प्रेसमध्ये गेल्यावर हे परत घसरेल."

"कुणाचं नाव घसरेल?"

"माझं. तुमचं डाव्या कडेला आहे, ते हलणार नाही. माझं सरकेल, नाहीतर खालच्या ओळीत पडेल."

दीपमालाचा अंगठा स्पेसच्या लांब बटणावर तसाच होता. तिनं विचार केला. अगदी खरं सांगायचं तर नीट, वेळ घेऊन केला. घसरण्याची ही व्यवस्था काही वाईट नव्हती. कुणी तिला दोषही दिला नसता, फॉन्टला दिला असता. खुशनुमा तिच्या अंगठ्याकडं बघत होती.

"लाव तुझा टॅब," दीपमाला म्हणाली आणि अंगठा उचलला.

ठिपके पुसले गेले. खुशनुमाचं नाव उजव्या कडेला जाऊन टेकलं आणि तिथं ठाम उभं राहिलं. कमरोद्दीनभाईंनी फाइल पाठवायला हात पुढं केला, तेवढ्यात दीपमाला म्हणाली, "थांबा." तिनं पट्टी आडवी केली आणि दोन्ही नावांच्या डोक्यावर धरली. बराच वेळ धरली.

"तुझी उर्दू अक्षरं माझ्यापेक्षा उंच दिसायलीत."

"लिपीच तशी असते, ताई."

"कमी कर."

"केली."

"अजून थोडी."

"ताई!"

"थोडीच म्हणते ना."